परग्रहावर शेवाळ असेलही, पण दुर्बीण बांधणारं कुणी असेल का?

तिरपा आस (धागाकर्ता)

एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी नावाच्या ग्रहाची बातमी आली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर 'एलियन सापडले' असं जाहीरही होऊन गेलं. मूळ बातमी एवढीच होती: सिंह राशीच्या दिशेला १२४ प्रकाशवर्षांवर असलेल्या एका ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसते आहे, असं केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाचं म्हणणं होतं. जेम्स वेब दुर्बिणीतून मिळालेला हा पुरावा तीन सिग्माचा होता (सिग्मा म्हणजे निकाल नुसता योगायोग नाही याची खात्री मोजायचं माप). 'शोध लागला' म्हणायला पाच सिग्मा लागतात. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले प्लवक तयार करतात, म्हणून एवढी खळबळ. पण आदल्याच वर्षी हाच रेणू ६७पी या धूमकेतूच्या नोंदींमध्येही सापडला होता, आणि धूमकेतूवर समुद्र नाही की प्लवक नाहीत. इतर गटांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली तेव्हा ती खूणही डळमळीत झाली.

धागा त्या ग्रहावर नाही. 'पृथ्वीबाहेर जीव आहे का' आणि 'पृथ्वीबाहेर बुद्धिमान जीव आहे का' हे दोन प्रश्न आपण सर्रास एकाच दावणीला बांधतो, त्यावर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. जीव असेल, बहुधा बऱ्याच ठिकाणी असेल. पण रेडिओ दुर्बीण बांधून बसलेला दुसरा कुणी आपल्या आकाशगंगेत नसावा, असंच मला वाटतं.

कारण पृथ्वीचाच हिशेब. ग्रहाचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातल्या खडकांत ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या थरांच्या खुणा आहेत, म्हणजे जीव बऱ्यापैकी लवकर सुरू झाला. त्यानंतर? त्यानंतर दीडशे कोटी वर्षांहून जास्त काळ नुसते जिवाणू. केंद्रक असलेली पेशी आली तीही एका जिवाणूसारख्या पेशीने दुसऱ्या जिवाणूला पोटात घेऊन न पचवल्यामुळे, आणि आपल्याला माहीत असलेल्या साऱ्या जीवसृष्टीत हा प्रकार एकदाच जमला. तुमच्यातलं, माझ्यातलं, अंगणातल्या तुळशीतलं मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीचं ऊर्जाघर, त्या एकाच प्रसंगाचं वारस आहे. प्राणी आले ते साधारण ६० कोटी वर्षांपूर्वी. माणूस तीन लाख वर्षांपूर्वी. रेडिओ सव्वाशे वर्षांपूर्वी.

दुसऱ्या बाजूने बघा. सूर्य सावकाश तापतो आहे आणि अजून १०० कोटी वर्षांच्या आसपास इथले समुद्र टिकायचे नाहीत. म्हणजे दुकान बंद व्हायची वेळ जवळ आली तेव्हा कुठे आपण उगवलो. भौतिकशास्त्रज्ञ ब्रँडन कार्टर यांनी १९८३ मध्ये यावरून असा युक्तिवाद केला की बुद्धी ही सहज येणारी गोष्ट असती तर ती खूप आधी आली असती; एवढा उशीर झाला याचा अर्थ वाटेत काही अतिशय अवघड पायऱ्या आहेत आणि बहुतेक ग्रहांवर त्या ओलांडायच्या आतच वेळ संपत असणार.

त्यामुळे १९५० मध्ये लॉस अलामॉसला जेवणाच्या टेबलावर भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींनी 'मग सगळे आहेत कुठे?' असं विचारलं, त्याला माझं उत्तर सरळ आहे: सगळे चिखलात आहेत, आणि चिखलातच खूश आहेत.

मतं येऊ द्या. पुरावा असेल तर उत्तमच, नसेल तर निदान तर्क असू द्या.

उगाचच

पहिला प्रतिसाद माझा! खुर्ची टाकून बसलोय.

एलियन आलेच तर आपल्याकडून त्यांना पहिला प्रश्न जाणार, 'मूळ गाव कुठलं?' दुसरा, 'तिकडे कुणी आपलं आहे का?'

गणिती भुंगा

असहमत. लेख छान आहे पण तुम्ही आकड्यांना हातच लावला नाहीत. आपल्या एका आकाशगंगेत दहा हजार कोटी ते चाळीस हजार कोटी तारे. नासाच्या यादीत पक्के झालेले परग्रह सप्टेंबर २०२५ मध्ये ६,००० च्या पुढे गेले, आणि तेही आपण अगदी आसपासच्याच परिसरात शोधलेत. बहुतेक ताऱ्यांना ग्रह असतात हे आता वादातीत आहे. मग शक्यता कोटीत एक धरा, दहा कोटींत एक धरा, तरी हजारांनी संस्कृती निघतात. आपणच एकटे म्हणणं हा मला अहंकार वाटतो.

तिरपा आस

@गणिती भुंगा, 'कोटीत एक' हा आकडा कुठून आणलात? माझा सगळा आक्षेप तिथेच आहे. तारे मोजता येतात, ग्रह मोजता येतात. निर्जीव रसायनातून पेशी तयार होण्याची शक्यता किती आणि जिवाणूपासून इंजिनिअर होण्याची किती, हे दोन आकडे कुणाकडेच नाहीत. ते कोटीत एक असतील, नाहीतर एकावर तीस शून्यं दिल्यावर जो आकडा येतो त्यात एक असतील. दुसरं खरं असेल तर तुमचे चाळीस हजार कोटी तारेही अपुरेच पडतात. मोठ्या आकड्याला माहीत नसलेल्या लहान आकड्याने गुणलं की उत्तर मोठंच येईल, असं गणितात कुठेही नाही.

ऑक्सफर्डच्या सँडबर्ग, ड्रेक्सलर आणि ऑर्ड यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच करून पाहिलं. आकाशगंगेत किती संस्कृती असतील याचा अंदाज मांडणाऱ्या ड्रेकच्या समीकरणात प्रत्येक ठिकाणी एकेक ठोकळ आकडा न घालता, आपलं अज्ञान जेवढं आहे तेवढी रुंद पट्टी घातली. उत्तर असं आलं की आकाशगंगेत आपण एकटे असण्याची शक्यता अर्ध्याहून जास्तच आहे. यात फर्मीचं कोडंच उरत नाही. शांतता आहे, कारण शांतता असणंच साहजिक आहे.

आणि अहंकाराचं म्हणाल तर 'आपल्यासारखे सगळीकडे असणारच' यातही तो थोडा आहेच की.

अटलांटिकपार

ड्रेकचं नाव निघालंच आहे तर थोडी भर. मी अमेरिकेत पूर्व किनाऱ्याकडे राहते आणि ग्रीन बँकची रेडिओ दुर्बीण बघून आले आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात आडबाजूला गाव आहे. आजूबाजूचा ३४,००० चौरस किलोमीटरचा पट्टा १९५८ पासून रेडिओ शांतता क्षेत्र म्हणून राखलेला. दुर्बिणीच्या जवळ फिरवायला डिझेलच्या गाड्या वापरतात, कारण पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगची ठिणगीसुद्धा दुर्बिणीला ऐकू जाते. आमच्या गाईडने हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. मग त्याने सगळ्यांना फोन पूर्ण बंद करायला लावले आणि ते कुणाला जमेना. बटण कुठलं दाबायचं हेच आठवेना!

१९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी इथल्याच २६ मीटरच्या दुर्बिणीने टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे कान लावला. १४२० मेगाहर्ट्झवर. हायड्रोजनची स्वतःची वारंवारता ती, म्हणजे ज्याला खगोलशास्त्र येतं त्याला ती माहीत असणारच, हा त्यामागचा तर्क. पुढच्या वर्षी इथेच दहाबारा जणांची बैठक झाली आणि तिच्या चर्चेचे मुद्दे म्हणून फळ्यावर ते समीकरण लिहिलं गेलं. म्हणजे ते मुळात उत्तर काढायचं सूत्र नव्हतंच, बैठकीची विषयपत्रिका होती. हे लक्षात ठेवलं तर त्यावरून होणारी निम्मी भांडणं मिटतील. बैठकीत डॉल्फिनच्या भाषेवर काम करणारे जॉन लिली होते, आणि मेल्विन कॅल्विन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळाल्याची बातमीही त्याच बैठकीत येऊन थडकली.

वेदोक्त

पाश्चात्त्यांना १९६० मध्ये सुचलं ते आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं. चौदा भुवनं, अनंत कोटी ब्रह्मांडं, विमानांची वर्णनं. वैमानिक शास्त्र वाचा म्हणजे कळेल की परग्रहावरून येणं-जाणं होतं. पण आपल्याला आपलं ते टाकाऊच वाटणार.

तिरपा आस

@वेदोक्त, चौदा भुवनांची कल्पना मला मनापासून आवडते. विश्व एवढ्या पैसपणे कल्पिणं सोपं नाही. पण वैमानिक शास्त्राचं म्हणाल तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये त्याचा नीट अभ्यास करून लिहिलंय. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा निघाला, आणि त्यातली विमानं आराखड्याबरहुकूम बांधली तर उडणार नाहीत. तपासणारी संस्था इथलीच होती, त्यामुळे पाश्चात्त्यांवर ढकलता येत नाही.

झाडीपट्टीकर

विमानावरून आठवलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. दिवेलागण होऊन गेलेली, आम्ही सारे अंगणात. उत्तरेकडून आगीच्या लांबच लांब रेघा आल्या आन् सावकाश, एका रांगेत, डोक्यावरून निघून गेल्या. उल्का अशी जात नाही, ती झर्रकन जाते. अर्धं गाव घराबाहेर. कुणी म्हणे मिसाईल, कुणी म्हणे विमान पेटलं, पोट्टे म्हणे एलियन. फोन करावा त्याच्याकडेही तेच दिसलेलं, पार महाराष्ट्रभर.

मंग बातमी आली का आमच्याच सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं. तीनेक मीटर व्यासाचं. गावातले लोक सांगत का ते पडलं तेव्हा तापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचे तुकडे निघाले ते. आता सांगा बाप्पा, वर्षभर अवकाशात फिरणारं लोखंड सणाच्या दिवशी घरावर येऊन पडणार असंल, तर लोकांना काहून नाही वाटणार का कोणीतरी आलं म्हणून?

उगाचच

'मेड इन चायना' एलियन. वॉरंटी नाही.

खांबावरचा

इथं सगळे ताऱ्यांकडं बघून बोलताय, मी जरा खांबाकडं बघून बोलतो. मी वीज कंपनीतून निवृत्त. नारायणगाव, मंचर, जुन्नर हा सगळा पट्टा नोकरीत पायाखाली घातलेला. आमच्याकडं खोडदला जीएमआरटी आहे हे बऱ्याच जणांना माहीत असेल. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, १४ मधल्या चौकात आणि १६ तीन बाजूंना पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. तबकडी म्हणजे भरीव पत्रा नाही, दोरखंडावर ताणलेली तारेची जाळी. वारा आरपार जातो म्हणून वजन कमी, खर्च कमी.

आता या तबकड्यांच्या मधून आमच्या ११ केव्हीच्या लाइनी जातात. खांबावर पिन इन्सुलेटर असतो, त्यावर तार बायंडिंग वायरनं बांधलेली. वाऱ्यानं हलून हलून बायंडिंग सैल पडतं आणि तार न् इन्सुलेटरच्या फटीत बारीक ठिणगी उडत राहते. दिवसा दिसत नाही. रात्री खांबाखाली जाऊन उभं राहिलं तर चर्र चर्र ऐकू येतं. कोरड्या हवेत जास्त, पाऊस पडला की गप्प. बरं, यानं गिऱ्हाइकाची वीज जात नाही, मोटर चालते, मीटर फिरतो. त्यामुळं आमच्या लेखी तो फॉल्टच नव्हता!

पण दुर्बिणीवाल्यांच्या लेखी तो मोठाच फॉल्ट. ही माणसं हातात अँटेना घेऊन शेताच्या बांधाबांधानं फिरायची आणि नेमका खांब हुडकून काढायची. मग आमच्या ऑफिसात येऊन, 'साहेब, अमुक फीडरवरचा तमुक पोल, तेवढं बायंडिंग आवळून द्या.' पहिल्यांदा आमचा वायरमन माझ्याकडं बघायला लागला, हे लोक शहाणे आहेत का येडे म्हणून. परमिट घेतलं, लाइन बंद केली, वर चढला, तर खरंच तिथंच सैल. पुढं पुढं त्याला इतकी सवय झाली की तोच रात्री मोटारसायकल थांबवून खांब ऐकायला लागला.

तेव्हा माझा प्रश्न असा की नारायणगावच्या खांबावरची ठिणगी जर एवढा गोंधळ घालते, तर ताऱ्यावरून आलेला निरोप ओळखणार कसा? आला आणि आम्हीच बुडवला असं नसेल कशावरून?

मांडवीकाठ

@खांबावरचा, धाग्यातला सगळ्यात आवडलेला प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

तिरपा आस

@खांबावरचा, दंडवत! हा प्रश्न विचारावा तर तुम्हीच.

ओळखण्याच्या दोनतीन युक्त्या आहेत. पहिली, निसर्ग स्वतःहून अगदी अरुंद सुरात गात नाही. अवकाशातल्या वायूंमधून येणारी सगळ्यात अरुंद रेषाही काहीशे हर्ट्झ रुंद असते. एकदोन हर्ट्झमध्ये कोंबलेला सिग्नल दिसला तर तो कुणीतरी बनवलेला. तुमची ठिणगी उलट, ती एकदम सगळीकडे पसरते. दुसरी, पृथ्वी फिरते त्यामुळे दूरच्या ताऱ्यावरून येणारा सूर हळूहळू सरकत जातो. सरकत नसेल तर उगम इथलाच. तिसरी आणि सगळ्यात साधी: ताऱ्याकडे तोंड करून ऐका, मग तोंड फिरवून ऐका. तोंड फिरवल्यावरही ऐकू आला तर तो ताऱ्याचा नाही.

इतकं करूनही फसायला होतंच. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला कित्येक वर्षं काही चमत्कारिक स्पंदनं मिळत होती. २०१५ मध्ये उलगडा झाला: कुणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हन बंद व्हायच्या आत त्याचं दार उघडत होतं. त्याच दुर्बिणीने २०१९ मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झवर एक अरुंद सूर पकडला. आपल्या सगळ्यात जवळचा तारा तो, ४.२ प्रकाशवर्षं. सूर सरकतही होता आणि तोंड फिरवल्यावर जातही होता. दोन्ही चाळण्या पार केल्या! २०२१ मध्ये सविस्तर तपासणी झाली तेव्हा तसेच सूर आणखी वारंवारतांवरही सापडले, तेही दुर्बीण दुसरीकडे वळलेली असताना. आपल्याच उपकरणांचा खेळ.

आणि बुडवला तर नसेल ना? शक्य आहे. १५ ऑगस्ट १९७७ ला ओहायोतल्या 'बिग इअर' दुर्बिणीवर ७२ सेकंद जो जबरदस्त सिग्नल आला, ज्याच्या छापील कागदावर जेरी एहमन यांनी लाल शाईने 'वॉव' लिहिलं, तो त्यानंतर परत कधीच मिळाला नाही. एकदाच आलेल्या पाहुण्याचं काय करणार? नोंद ठेवायची.

खोडदच्या बाजूने एक सांगायलाच हवं. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याची क्षीण रेडिओ हाक तुमच्या त्या तबकड्यांनी थेट पृथ्वीवरून ऐकली. उतरायच्या थोडं आधी ती थांबली, आणि पुढे कळलं की यान आपटलं. म्हणजे तुमच्या वायरमनने आवळलेल्या बायंडिंगचा त्यात वाटा नसेलच असं मी तरी म्हणणार नाही.

पेट्री बशी

सूक्ष्मजीवशास्त्रात उमेदवारी करतेय, म्हणून तोंड घालते.

धागाकर्त्यांच्या 'चिखल' सिद्धांताशी निम्मी सहमत. चिखलाबद्दल अजिबात वाद नाही. आमचा लोणारचाच चिखल बघा. उल्कापाताने झालेलं १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, पाणी खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी, तरी त्यात सूक्ष्मजीव मजेत. २०२० च्या उन्हाळ्यात तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं की हे हॅलोआर्किया, मीठ वाढल्यावर फोफावणारे जीव. शिवाय बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत आपल्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएची 'अक्षरं' असलेले पाचही नायट्रोजनी बेस मिळाले. कच्चा माल सगळीकडे पडलेला आहे.

पण कार्टरचा युक्तिवाद मला पटत नाही. 'उशीर झाला म्हणजे पायरी अवघड' यात असं गृहीत धरलंय की पायरी चढायची मुभा पहिल्यापासून होती. ती नव्हतीच. हवेत ऑक्सिजन जमायला लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि मोठ्या प्राण्यांना पुरेल एवढा व्हायला त्यानंतरही प्रचंड काळ गेला. दार बंद होतं म्हणून कुणी आत आलं नाही, दार उघडल्यावर बऱ्यापैकी भराभर आले. २०२५ च्या सुरुवातीला मिल्स, राइट आदी मंडळींचा याच मुद्द्यावर निबंध आलाय. मायटोकॉन्ड्रियाचं 'एकदाच' हेसुद्धा जपून घ्या. दुसऱ्यांदा झालंही असेल, पण आधीच्यांनी जागा अडवल्यावर नवख्यांचा निभाव लागला नसेल. जे टिकलं त्याचेच पुरावे आपल्याकडे आहेत.

आणि बुद्धी एकदाच आली म्हणता? ऑक्टोपसचा आणि आपला सामाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहून जुना, जेमतेम किड्यासारखा. तिथून निघून त्याने स्वतःचा वेगळा मेंदू बांधला, त्यातल्या बहुतेक चेतापेशी तर हातांत. कावळ्याचा मेंदू आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचा, तरी न्यू कॅलेडोनियातला कावळा काटकीला आकडा करून अळी ओढतो. आपल्या खिडकीतल्या कावळ्याचे उद्योग तर रोजच बघतो.

तिरपा आस

@पेट्री बशी, ऑक्सिजनचा मुद्दा जबरदस्त आहे. पण तो माझ्याच बाजूने वळवता येतो. दार उघडायला २०० कोटी वर्षं लागत असतील तर कित्येक ग्रहांवर ते उघडणारच नाही.

आणि ऑक्टोपसचंच घ्या. हुशार आहे, पण पाण्याखाली चूल पेटत नाही. विस्तव नाही तर धातू नाही, धातू नाही तर तार नाही, तार नाही तर रेडिओ नाही. गुरूचा चंद्र युरोपा, शनीचा चंद्र एन्सेलाडस यांच्या बर्फाखाली समुद्र आहेत; एन्सेलाडसच्या फवाऱ्यात फॉस्फेट असल्याचं २०२३ मध्ये कळलं. समजा तिथे अतिशय बुद्धिमान कुणी आहे. डोक्यावर किलोमीटरच्या किलोमीटर बर्फाचं छत. त्याला तारे आहेत हेच कधी कळणार नाही. आपण त्याच्या वरून यान नेऊ आणि त्याला पत्ता नाही.

रानजाई

एक भाबडा प्रश्न. नारळीकर सरांचा फुगे सोडून हवेतले जिवाणू पकडायचा प्रयोग होता ना? तेव्हा पेपरात खूप आलं होतं. पुढे काय झालं त्याचं?

पेट्री बशी

@रानजाई, अजिबात भाबडा नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल हे जयंत नारळीकरांचे गुरू. जीवसृष्टीचं बीज अवकाशातून आलं असावं असं हॉईल यांचं मत होतं. नारळीकरांनी त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा तपासायचं ठरवलं, हे मला फार आवडतं. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या पेशी-जीवशास्त्राच्या संस्थांनी स्वतंत्रपणे तपासणी केली. २००९ मध्ये इस्रोने तीन नव्या जिवाणू प्रजाती जाहीर केल्या. एकीला हॉईल यांचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. अतिनील किरणांना त्या चिवट होत्या. पण त्या बाहेरून आल्या हे यातून सिद्ध होत नाही, असं इस्रोनेही तेव्हाच म्हटलं होतं. आर्यभटाच्या नावाची प्रजाती तर पुढे साध्या शेतातल्या मातीतही ठिकठिकाणी मिळाली. म्हणजे वारा तिला खालून वर घेऊन गेला असणं जास्त सयुक्तिक.

केरळातल्या २००१ च्या लाल पावसाचीही अशीच गत झाली. परग्रहावरच्या पेशी म्हणून गाजला, निघाले झाडांवर वाढणाऱ्या शेवाळाचे बीजाणू.

मांडवीकाठ

सगळे ऐकण्याबद्दल बोलतायत, आपण पाठवलंय काय त्याबद्दल कुणीच नाही. आमच्या गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर. त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, व्हॉयेजर १ निघाल्यावर दोन आठवडे व्हायच्या आत, केसरबाई गेल्या. रेकॉर्डिंगला फारशा राजी नसणारी बाई ही! शेवटी आवाज गेला कुठे, तर सूर्यमालेबाहेर. तबकडीवर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यात मराठीही आहे.

ऐकणारा मिळेल का ते सोडा. व्हॉयेजर १ दुसऱ्या ताऱ्याच्या जरा जवळून जायलाच ४०,००० वर्षं लागणार, आणि 'जवळून' म्हणजे दीडएक प्रकाशवर्षावरून. पण तिकडे कुणी असलं आणि त्यांना आपल्याबद्दल एकच गोष्ट कळणार असली, तर ती भैरवी असावी यावर माझा काही आक्षेप नाही.

उगाचच

भैरवी म्हणजे मैफल संपली. आपण सुरुवातच भैरवीने केली, ते येतील कशाला?

गणिती भुंगा

@तिरपा आस, शक्यतेचा आकडा माहीत नाही हे मान्य. पण मग 'एकटे आहोत' हे तरी कशाच्या जोरावर? शोध घेतलाय किती आपण? खगोलशास्त्रज्ञ जेसन राइट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला होता: दिशा, अंतर, वारंवारता, सिग्नलची ताकद, सगळं धरून शोधायचा पसारा पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांएवढा मानला, तर आजवर आपण मोठ्या टबभर पाणी तपासलंय. टबात मासा नाही म्हणून समुद्रात मासा नाही?

आणि एक सरळ प्रश्न. तुमचं मत कशाने बदलेल? बदलणारच नसेल तर ती श्रद्धा झाली, मग @वेदोक्त यांना बोल लावायचा हक्क तुम्हाला नाही.

तिरपा आस

टबाचा मुद्दा मान्यच आहे, म्हणून तर मी 'शांतता आहे म्हणून कुणी नाही' असं कुठेच म्हटलेलं नाही. माझा सगळा भार पृथ्वीच्या इतिहासावर आहे, दुर्बिणींच्या अपयशावर नाही.

मत कशाने बदलेल, ते सांगतो. बुद्धिमान जीवाबाबत: अरुंद सूर, दोन वेगळ्या देशांतल्या दोन दुर्बिणींवर, पुन्हा पुन्हा. विषय संपला.

पण त्याआधी माझी गाडी दुसऱ्या एका शोधाने रुळावरून घसरू शकते. पृथ्वीवरचे झाडून सगळे जीव प्रथिनांसाठी डाव्या घडणीची अमिनो आम्लं वापरतात. बेन्नूच्या मातीत डावी-उजवी जवळपास सारखी मिळाली, म्हणजे ती जीवाविना झालेली. उद्या मंगळावर किंवा एन्सेलाडसवर फक्त उजव्या घडणीवर चालणारा जिवाणू सापडला, तर तो आपला भाऊबंद नाही हे नक्की. जीव एकाच सूर्यमालेत दोनदा स्वतंत्रपणे सुरू झाला असा अर्थ होईल. मग पहिली पायरी अगदीच सोपी ठरेल. पुढच्या पायऱ्यांबद्दलची माझी खात्रीही तेव्हा निम्म्यावर येईल.

मंगळावर नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीने २०२४ मध्ये बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके असलेला जो खडक पाहिला, त्याचा नमुना नळीत बंद करून ठेवलाय. जीवाची संभाव्य खूण म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावर निबंधही आला. पण तो पृथ्वीवर आणल्याशिवाय डावं-उजवं कळायचं नाही, आणि आणायच्या मोहिमेचं घोडं पैशांपाशी अडलंय.

खांबावरचा

म्हणजे नमुना तयार, गाडी नाही. आमच्या ट्रान्सफॉर्मरसारखंच झालं.

विचारणाऱ्यांसाठी: खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शन असतं, शाळांच्या गाड्या भरभरून येतात. नारायणगावाहून जवळच आहे. मोबाईल बंद करून जा, नाहीतर ते लोक हात जोडून बंद करायला लावतात. येताना नारायणगावात तमाशाच्या राहुट्या बघून या, सुपारी द्यायच्या दिवसांत मोठी गर्दी असते.

पेट्री बशी

@तिरपा आस, उजव्या घडणीचं पटलं. फक्त डाव्या घडणीचाच जिवाणू सापडला तर काय, तेही आत्ताच ठरवून ठेवा. मंगळावरचा खडक उल्कापाताने उडून पृथ्वीवर पडतो, आणि तसे मंगळाचे तुकडे आपल्याकडे आहेत. मग तो जिवाणू आपलाच चुलतभाऊ निघेल, इथला तिथे गेलेला किंवा तिथला इथे आलेला, आणि तुमचा-माझा वाद आहे तिथेच राहील.

नासाचं युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचतंय. ते जीव शोधायला चाललेलं नाही, जीव राहू शकेल अशी जागा आहे का एवढंच बघणार आहे. तरी मी तेव्हा हा धागा वर काढणार. तोवर भुंग्यांनी आकडे तयार ठेवावेत.